भूमची माणसं कशी मोजायची

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत वीस हजारांच्या आसपास भरली. तालुक्याच्या गावाला एवढी माणसं म्हणजे फार नाहीत. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या प्रभागात याहून जास्त मतदार असतात. पण हा आकडा घेऊन कुणी भूमला आला, तर पहिल्या दिवशीच त्याचा गोंधळ उडेल. सकाळी अकराच्या सुमाराला तहसील कचेरी, एसटी स्टँड, बँका आणि दवाखाने यांच्यामधल्या रस्त्यांवरून चाललं, तर हे वीस हजारांचं गाव वाटत नाही. फेब्रुवारीत आसपासच्या एखाद्या डोंगरकपारीच्या वाडीत गेलं, तर अर्ध्या दारांना कुलपं दिसतात आणि ओट्यावर म्हातारी माणसं बसलेली असतात. एकीकडे आकड्यापेक्षा माणसं जास्त, दुसरीकडे कमी. असं का होतं, हे कळायला भूमची जागा, भूमचा इतिहास आणि जनगणनेची पद्धत या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

आधी जागा पाहू. बालाघाटाची रांग अहिल्यानगर आणि बीडकडून आग्नेयेला उतरत येते आणि धाराशिव जिल्ह्याच्या पाण्याची वाटणी करते. रांगेच्या उत्तरेला आणि पूर्वेला पडलेला पाऊस मांजरा नदीतून गोदावरीकडे जातो. दक्षिण-पश्चिम उतारावरचं पाणी सीनेत जातं, तिथून भीमेत आणि पुढे कृष्णेत. भूम या दुसऱ्या उतारावर, बाणगंगेच्या काठी वसलं आहे. म्हणजे मराठवाड्यात असूनही हे गाव गोदावरीचं नाही, कृष्णेच्या खोऱ्यातलं आहे. ही गोष्ट शेतकऱ्यांना तोंडपाठ असते, कारण कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजनेतल्या पाण्यावरचा या भागाचा हक्क त्यावरच उभा आहे. उजनीच्या जलाशयातून सीना-कोळेगावकडे पाणी आणायची ही योजना असून पहिल्या टप्प्यात ७ टीएमसी पाणी धरलेलं आहे.

इथे वर्षाला सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस होतो, तोही दरवर्षी सारखा नाही. खालच्या सपाटीला काळी जमीन आणि रब्बीची ज्वारी, वर डोंगराकडे मुरमाड माळ आणि चराई. माळावर ज्वारीपेक्षा जनावर भरवशाचं. बाणगंगा आणि रामगंगा हे तालुक्यातले मध्यम प्रकल्प पाऊस लागला की भरतात आणि दोन वर्षं पाठोपाठ दगा दिला की तळाला जातात. २०१२-१३ च्या आणि त्यानंतर २०१५-१६ च्या दुष्काळात ते सगळ्यांनी पाहिलं. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये याच भूम-परांडा भागात अतिवृष्टीने नद्या पात्र सोडून शेतात शिरल्या आणि मातीसकट पिकं गेली.

अशा जमिनीवर माणसांची वस्ती मात्र जुनी आहे. तालुक्यातल्या माणकेश्वरचं शिवमंदिर यादवकाळाच्या आगेमागे, बाराव्या-तेराव्या शतकातलं. त्याचा तारकाकृती तलविन्यास आणि बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं पाहिली, की त्या काळी या भागात पाथरवटांना वर्षानुवर्षं पोसू शकणारी संपत्ती होती हे लक्षात येतं. माणकेश्वरलाच सटवाईचं स्थान आहे. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या रात्री येऊन कपाळावर नशीब लिहिणारी ती सटवाई. लेकराचं जावळ काढायला लांबलांबची कुटुंबं इथे येतात. भूमचं ग्रामदैवत आलमप्रभू. बाराव्या शतकात बसवकल्याणला बसवेश्वरांसोबत असलेल्या अल्लमप्रभूंची आठवण त्या नावात आहे. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला कुंथलगिरी. कुलभूषण आणि देशभूषण या दोन मुनींच्या निर्वाणाचं स्थान म्हणून जैन समाज या टेकडीला सिद्धक्षेत्र मानतो. आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला तो इथेच, १८ सप्टेंबर १९५५ रोजी. शैव, लिंगायत आणि जैन अशा तिन्ही वाटा एका तालुक्यात येऊन मिळाव्यात, यावरून हा प्रदेश कधीच आडबाजूला नव्हता असं मला वाटतं. कन्नड मुलखातून वर येणारी आणि गोदावरीकडून खाली उतरणारी माणसं इथून जात होती.

आडबाजूला पडणं नंतर आलं, आणि ते सरहद्दीमुळे आलं. शेजारचा परांड्याचा किल्ला बहामनी, निजामशाही, आदिलशाही आणि मुघल अशा हातांतून फिरला. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर निजामशाहीचा कारभार काही काळ परांड्याहूनच चालला. पुढे ११ मार्च १७९५ रोजी भूमच्या पश्चिमेला, आज जामखेड तालुक्यात असलेल्या खर्ड्याला, मराठ्यांनी निजाम अलीचा पराभव केला. पुण्याच्या पेशव्यासाठी शिंदे, होळकर, भोसले एकत्र लढले असा हा शेवटचा मोठा प्रसंग. तहात निजामाने बराच मुलूख आणि दौलताबादचा किल्ला लिहून दिला. पण सात महिन्यांत सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीसाठी भांडणं सुरू झाली आणि निजामाने गेलेलं बरंचसं परत मिळवलं. ते दिवस वेगळे गेले असते तर भूमचा इतिहास कदाचित शेजारच्या बार्शीसारखा झाला असता. प्रत्यक्षात पेशवाई संपल्यावर बार्शी, करमाळा, जामखेड इंग्रजांकडे गेले. भूम आणि परांडा हैदराबादच्या निजामाकडे राहिले. भूम आणि बार्शी या दोन गावांमधली ती रेघ सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकली.

त्या रेघेने नेमकं काय केलं हे बार्शीच्या उदाहरणावरून कळतं. १८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि १९११ मध्ये लातूरला. मुख्य लोहमार्गाला जोडलं गेल्यावर बार्शीची पेठ वाढली, गिरण्या आल्या, शिक्षणसंस्था आल्या. भूमला रेल्वे आली नाही, आजही नाही. भूमचा शेतकरी बार्शीला माल नेई तेव्हा तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. मधे निजाम सरकारची करोडगिरी, म्हणजे जकातीची नाकी होती. खिशातला पैसाही वेगळा होता. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी रुपया यांचा भाव सर्वसाधारणपणे सात हालीला सहा कलदार असा धरला जाई. कचेरीची भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. आजही भूमच्या माणसाला मोठी खरेदी, मोठा दवाखाना किंवा कॉलेज म्हटलं की धाराशिवच्या आधी बार्शी आठवते, कारण ती जवळ आहे. जिल्हा एक आणि बाजार दुसरा, ही विभागणी त्या काळापासूनची आहे.

१९४७-४८ मध्ये ही सरहद्द पेटली. रझाकारांच्या त्रासाला कंटाळून सीमेवरच्या गावांतली माणसं बार्शी भागात गेली आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाची सीमेवरची शिबिरंही तिकडेच उभी राहिली. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. पण कागद मागे राहिले. मराठवाड्यातल्या जमिनीचा वाद आजही मागे मागे जात १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत पोचतो, कारण सातबारा इथे त्यानंतर आला. २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतले मोडी आणि उर्दूतले जुने दस्त पुन्हा उघडले गेले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेट तर थेट मराठा आरक्षणाच्या चर्चेच्या मध्यभागी आणून ठेवलं. शंभर वर्षांपूर्वीच्या मोजणीत आपल्या पणजोबाच्या नावापुढे काय लिहिलं होतं, हा प्रश्न आज घराघरात विचारला जातो आहे.

ती जुनी मोजणी कशी होती? हैदराबाद संस्थानाची पहिली जनगणना १८८१ ची. पुढच्या दोन मोजण्यांमध्ये या भागाचं दुःख दिसतं. १८९१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती. १९०१ मध्ये ती साडेपाच लाखांच्याही खाली आली. मधे १८९९-१९०० चा दुष्काळ होऊन गेला होता. संपूर्ण संस्थानाचा आकडाही १ कोटी १५ लाखांवरून १ कोटी ११ लाखांवर उतरला. १९११ मध्ये तो पुन्हा १ कोटी ३३ लाखांवर चढला आणि १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर, १९२१ मध्ये, परत १ कोटी २५ लाखांच्या खाली गेला. आपल्याला लोकसंख्या म्हणजे सतत वर चढणारी रेघ वाटते. भूमच्या परिसरात ती रेघ वाढते, तुटते, पुन्हा वाढते आणि पुन्हा तुटते. १९२१ नंतर ती सलग चढू लागली आणि स्वातंत्र्यानंतर, लसी, रेशन आणि दुष्काळी कामं आल्यावर, तो चढ पक्का झाला. १९७२ चा दुष्काळ पिकांच्या दृष्टीने भयंकर होता, पण त्यात १९०१ सारखी खोल घसरण आकड्यांत दिसत नाही. खडी फोडायच्या कामांनी आणि सुकडीने माणसं जगवली. आकड्यातली न दिसलेली घसरण हा रोजगार हमीला जन्म देणाऱ्या त्या कामांच्या उपयोगाचा सर्वांत मोठा पुरावा आहे, असं मी मानतो.

आता आकडे वाचण्यातली एक फसगत सांगायला हवी. लोकसंख्येची तुलना करताना आपण गृहीत धरतो की मोजलेली जागा तीच आहे. इथे ती नव्हती. निजामाच्या काळात जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून धाराशिवला आलं आणि गावाला सातव्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद म्हणू लागले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे १९८१ च्या पुस्तकातला उस्मानाबाद जिल्हा आणि १९९१ च्या पुस्तकातला जिल्हा शेजारी ठेवले, तर निम्मा जिल्हा नाहीसा झाल्यासारखं दिसतं. २०२३ मध्ये जिल्ह्याला धाराशिव हे नाव परत मिळालं. तालुक्याच्या पातळीवरही हेच घडलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाशी स्वतंत्र तालुका झाला आणि भूमची बरीच गावं तिकडे गेली. भूम तालुक्याचा १९९१ चा आकडा २००१ च्या शेजारी ठेवून कुणी ‘तालुका ओस पडतोय’ असं लिहिलं, तर त्याने आधी गावांची यादी ताडून पाहायला हवी. जनगणना विभाग नव्या हद्दीप्रमाणे जुने आकडे पुन्हा जुळवून देतो. तुलना त्या जुळवलेल्या आकड्यांशीच करायची.

शहराची व्याख्या हा दुसरा भाग. जनगणनेत दोन प्रकारची शहरं असतात. जिथे नगर परिषद, नगर पंचायत, महानगरपालिका किंवा छावणी मंडळ आहे ते कायद्याने शहर. ते नसलं तरी किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि पुरुष कामगारांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर कामाला, या तीन अटी पूर्ण केल्या तर ते जनगणनेपुरतं शहर. भूमला नगर परिषद आहे, क वर्गातली. त्यामुळे हद्दीत ज्वारीची रानं आणि गोठे असले तरी तिथली माणसं नागरी लोकसंख्येत धरली जातात. २०११ मध्ये जिल्ह्यातले जेमतेम १७ टक्के लोक नागरी होते, तर राज्यात ४५ टक्के. म्हणजे जिल्ह्यातली दर सहांपैकी पाच माणसं खेड्यातली, आणि त्या माणसांची कागदाची, औषधाची, बी-बियाण्याची कामं भूम, कळंब, परांडा, उमरगा अशा मोजक्या गावांतून होतात.

म्हणून अकराच्या सुमाराची गर्दी. भूमला तहसील आहे, पंचायत समिती आहे, प्रांताधिकाऱ्यांचं कार्यालय आहे आणि परांडा तालुकाही त्या उपविभागात येतो. न्यायालय आहे, एसटीचं आगार आहे. पाथरूड, ईट, वालवड, माणकेश्वर, आंभी इथून सकाळच्या गाड्यांनी माणसं येतात. कुणाला फेरफार हवा असतो, कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला पीकविम्याची चौकशी करायची असते. संध्याकाळच्या गाडीने ती परत जातात. जनगणना माणूस झोपतो कुठे ते विचारते, दिवस कुठे घालवतो ते नाही. तालुक्याच्या गावाचं खरं ओझं ठरतं ते दिवसाच्या माणसांवर. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं, गाड्या लावायची जागा त्यांनाही लागते. निधी ठरवताना आधार मात्र रात्रीच्या आकड्याचा असतो. तालुक्याच्या गावांच्या नियोजनातली ही मोठी चूक आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

आता वाडीवरच्या कुलपांकडे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि १ मार्चच्या मध्यरात्रीचा क्षण संदर्भ म्हणून धरला गेला. नियम असा की या वीस दिवसांत माणूस कधीही आपल्या नेहमीच्या घरी असेल, किंवा मुदत संपायच्या आत परतणार असेल, तर त्याची नोंद घरी करायची. पूर्ण मुदत जो बाहेर आहे, त्याला तो असेल तिथे मोजायचं. नियम सरळ आहे. पण बालाघाटातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि लहान लेकरं बरोबर जातात. फेब्रुवारीत गाळप हंगाम जोरात असतो. म्हणजे ही सगळी माणसं नियमाप्रमाणे मोजली गेलीच तर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या परिसरातल्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर. आज या फडात तर उद्या त्या फडात असलेल्या कोपीवर प्रगणक पोचतोच असं नाही. पोचला नाही, तर ते कुटुंब दोन्हीकडून सुटतं. शाळेच्या वर्गखोल्या, अंगणवाडी, रेशनचा कोटा या सगळ्यांच्या मुळाशी हा आकडा असतो, हे लक्षात घेतलं की त्या कुलपांचं महत्त्व कळतं.

माणसं बाहेर काढणाऱ्या या ओढीला भूम तालुक्याने एक उत्तर शोधलं आहे, आणि ते म्हणजे खवा. दूध नासतं. रेल्वे नाही, शहर लांब, उन्हाळा कडक, अशा ठिकाणी दुधाचं टँकरने संकलन सुरू व्हायच्या आधी शेतकऱ्यापुढे एकच मार्ग होता: दुधातलं पाणी इथेच उडवायचं आणि घन भाग तेवढा बाजारात पाठवायचा. हिशेब सोपा आहे. म्हशीच्या एक लिटर दुधात साधारण १६०-१७० ग्रॅम घन पदार्थ असतात, गाईच्या दुधात १३० च्या आसपास. खव्यात तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी उरतं. त्यामुळे म्हशीच्या सुमारे चार लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो, गाईच्या दुधाला पाच किंवा थोडं जास्त लागतं.

भट्टीवर हे काम पहाटेची धार आली की सुरू होतं आणि संध्याकाळच्या दुधाला पुन्हा होतं. मोठ्या लोखंडी कढईत दूध घालून जाळ मोठा ठेवतात आणि तळ सतत खरवडत राहतात. हात थांबला की तळाला लागतं आणि जळका वास अख्ख्या घाण्याला धरतो. दूध आटून दाटसर झालं की जाळ कमी करायचा. गोळा कडा सोडू लागला, वर तुपाची चकाकी आली की कढई उतरवायची. उतरवायचा क्षण चुकला तर खवा एकतर ओलसर राहून लवकर खराब होतो, नाहीतर कोरडा पडून वजनात घट येते. कुंथलगिरीला येणाऱ्या यात्रेकरूंसोबत इथल्या पेढ्याचं नाव लांबवर गेलं. पाथरूडसारख्या गावांत आणि पलीकडे वाशी तालुक्यात सरमकुंडी फाट्यावर खव्याची पेठ उभी राहिली. २०२४ मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे दुसरीकडच्या खव्याला हे नाव लावता येणार नाही.

लोकसंख्येच्या लेखात खव्यावर इतकं लिहायचं कारण आहे. दुभती म्हैस रोज दोन वेळा पिळावी लागते, एकही दिवस चुकवून चालत नाही. ज्या घरात चार दुभती जनावरं आहेत, त्या घराला कोयता घेऊन सहा महिने जाता येत नाही. निदान घरातलं एक जोडपं मागे राहतं, लेकरं शाळेत राहतात. ऊस माणसं नेतो, दूध माणसं धरून ठेवतं. दुष्काळात चारा संपला की हा धागा तुटतो, म्हणून चारा छावणी ही जनावरांची सोय आहे तितकीच माणसांना गावात ठेवणारी सोय आहे.

तरीही बाहेरची ओढ जिंकते आहे. जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये १२ लाख ७६ हजार, २००१ मध्ये १४ लाख ८६ हजार आणि २०११ मध्ये १६ लाख ५७ हजार होती. शेवटच्या दशकातली वाढ साडेअकरा टक्के, त्याच काळात राज्याची सोळा. इथे जन्म कमी झाले एवढंच त्याचं कारण नाही. बारावी किंवा आयटीआय झालेला मुलगा पुण्याकडे चाकण-हडपसरला जातो आणि मतदार यादीत नाव गावीच ठेवतो. त्याच गणनेत आणखी एक गोष्ट दिसते: २०११ मध्ये जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली नऊशेपेक्षा कमी होत्या. ज्या तालुक्यात सटवाईला जावळ वाहायला माणसं येतात, तिथे ही गोष्ट टोचते. आज लग्नाळू मुलांच्या घरी जी काळजी आहे, तिचा एक भाग मुलींच्या अशाच तुटीतून आलेला आहे.

२०२१ ची गणना झाली नाही. पुढच्या गणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. तिचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७, त्याआधी घरयादी, नोंदणी मोबाइलवर, कुटुंबाला स्वतः माहिती भरायची सोय आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सगळ्या जातींची नोंद. फेब्रुवारी २०२७ मध्येही ऊसतोड चालू असेल. तेव्हा भूम तालुक्यातल्या शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी आणि मुकादमांनी दसऱ्याआधीच वाडीनिहाय याद्या करून ठेवाव्यात, कोणतं कुटुंब कोणत्या कारखान्याला गेलं ते लिहून ठेवावं आणि ती यादी तिकडच्या प्रगणकाकडे पोचवावी. कोपीवर नोंद झाल्याची पावती किंवा क्रमांक मिळाला, तर तो कुटुंबाने जपून ठेवावा. घरी राहिलेल्या आजीनेही प्रगणकाला ‘सगळे बाहेर गेलेत’ एवढंच सांगून थांबू नये. किती जण, कुठे आणि कधी परतणार, हे तिन्ही सांगावं.